सोमवार, अमास आणि चार ठिकाणं

सोमवारी केवडियाला जायचं नाही. अमासेला करनाळीला जायचं नाही. मे महिन्यात कुठेच जायचं नाही. आणि एका दिवसात चार ठिकाणं तर मुळीच करायची नाहीत. या चारही चुका मी एकाच दिवशी केल्या. तारीख 30 मे 2022.

एप्रिलअखेर मी पोस्टातून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं काउंटरवर बसून लोकांची पाकिटं गावोगाव धाडली, आता आपण निघायचं, असं मनात होतं. यांचं रिटायरमेंट आधीच झालेलं. बडोद्याहून भाड्याची गाडी केली आणि बेत ठरवला : डभोईची हिरा भागोळ म्हणजे किल्ल्याचा जुना कोरीव दरवाजा, नर्मदेकाठचं चांदोद-करनाळी, गरुडेश्वर आणि शेवटी केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा. कागदावर फार सुंदर दिसत होतं.

त्या दिवशी सोमवती अमावास्या होती. करनाळीच्या कुबेर भंडारीच्या देवळाला अमासेला अर्धा गुजरात लोटतो, हे जन्म बडोद्यात काढूनही माझ्या लक्षात राहिलं नाही. गावाच्या अलीकडेच गाड्यांची रांग. वर वैशाखाचा वणवा. यांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली आणि नाश्ता ‘पुढे कुठेतरी करू’ म्हणून राहिलेला. अकराच्या सुमाराला यांचे हात थरथरायला लागले, कपाळ ओलं, बोलणं अडखळतंय. चहाच्या लारीवाल्या भाईने काही न विचारता साखरेचा डबाच पुढे केला. चार चमचे साखर, पाणी, मग बिस्किटं. वीस मिनिटांनी हे म्हणाले, “आता घरी चल.” पण मला पुतळा करायचाच होता. गरुडेश्वरची पाटी गाडीतूनच बघितली, चार वाजता केवडियाला पोचलो, आणि पहारेकरी अगदी सौम्यपणे म्हणाला, “आज तो सोमवार छे, बेन. बंध.”

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी वही काढली. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे.

आधी वार आणि तिथी, मग ठिकाण. आपण निवृत्त माणसं रविवारी का जातो, हे मला कोडं आहे. सवय, दुसरं काय. मंगळवार ते गुरुवार आपले. केवडिया सोमवारी बंद. डाकोरला पौर्णिमेला जाऊ नये, कारण पौर्णिमेला तिथे पायी संघ येतात. पावागडला चैत्रात आणि आश्विनात, दोन्ही नवरात्रांत जाऊ नये; माताजी वर्षभर तिथेच आहेत. भिंतीवरचं कालनिर्णय आपण चतुर्थी कधी आणि दूध किती, यासाठीच बघतो. सहलीसाठी ते फार उपयोगी आहे. मी आता जाऊ नये अशा दिवसांवर लाल फुली मारते. उरलेल्यांतला दिवस निवडते.

ऋतूही बघायचा. मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत आमची सहल म्हणजे सकाळी सातला बडोद्यातली कमाटीबाग. श्रावण-भाद्रपदात नर्मदेकाठी जायचं असेल तर सरदार सरोवराचे दरवाजे उघडलेत का ते आदल्या दिवशी बातम्यांत बघावं. वरून पाणी सोडलं की चांदोदच्या घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा बंद होतात. सगळ्यात चांगले दिवस दिवाळी आटोपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे.

एका दिवसाला एकच ठिकाण. दुसरं असलंच तर वाटेवरचं, आणि तेही ‘जमलं तर’ या खात्यात. डभोई हे असं जमलं-तर ठिकाण आहे. हिरा भागोळीचं कोरीव काम बघायला अर्धा तास पुरतो. आणि ज्यांना आगगाडीचं वेड आहे त्यांच्यासाठी : गायकवाड सरकारांनी 1862 मध्ये डभोई ते मियागाम अशी नॅरो गेजची लाइन टाकली, तिच्यावर सुरुवातीला डबे बैल ओढायचे. हे मला यांनी तीन वेळा सांगितलंय, म्हणून पाठ आहे. आता त्याच डभोईवरून मोठ्या रुळांची गाडी बडोद्यातल्या प्रतापनगर स्टेशनहून चांदोदमार्गे एकता नगरला, म्हणजे केवडियाला जाते. जानेवारी 2021 मध्ये ती लाइन सुरू झाली. भाड्याची गाडी परवडत नसेल किंवा रस्त्याची धूळ सोसत नसेल तर ही सोय उत्तम आहे. फक्त परतीच्या गाडीची वेळ आधी बघायची आणि मगच जाण्याची ठरवायची. लोक उलट करतात.

पावागडाचं वेगळं सांगते, कारण तिथे गुडघ्यांचा प्रश्न येतो. ‘रोपवे आहे ना’ म्हणून लोक निघतात. रोपवे गडाच्या वाटेवरच्या माचीपासून वर नेतो हे खरं, पण तिथून उतरल्यावर मंदिरापर्यंत पायऱ्या उरतातच, आणि वारा सुटला की रोपवे थांबतो. माझ्या नणंदेला गुडघ्यांमुळे पायऱ्या नकोत. आम्ही सरळ ठरवलं : माताजीला खालून नमस्कार, आणि दिवस चांपानेरला. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने 1484 मध्ये पावागड घेतला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. 2004 पासून हे सगळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. जामी मशीद सपाट जमिनीवर, आत खांबांच्या रांगा, थंडगार फरशी. आम्ही दीड तास बसलो होतो. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, बडोद्यात साठ वर्षं काढली आणि हे बघितलंच नव्हतं गं.” वर गेलो असतो तर दीड तास रांगेतच गेला असता.

गाडी ठरवताना चार गोष्टी फोनवरच विचारून कागदावर लिहून घ्याव्या. पैसे किलोमीटरवर की दिवसावर? थांबण्याचे वेगळे का? टोल आणि पार्किंग कोणाकडे? किती वाजल्यानंतर जादा? ड्रायव्हरभाईंच्या जेवणाचं आपण बघायचं, हे मी विचारत नाही, सांगून टाकते. दिवसभर त्याचा परिणाम दिसतो. दोघांसाठी गाडी महाग पडते. शेजारच्या बेन आणि त्यांचे मिस्टर बरोबर घेतले की भाडं अर्ध्यावर येतं, आणि त्यांचे मेथीचे थेपले येतात. आमच्याकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. साडेआठला, भूक असो वा नसो, गाडी बाजूला घेऊन खायचंच. हा नियम त्या साखरेच्या डब्याने घालून दिला.

पिशवीत काय? गोळ्या त्यांच्या पट्ट्यांसकट, एका दिवसाच्या नाही, दोन दिवसांच्या. खडीसाखर, पण ती पिशवीत नाही, यांच्या शर्टाच्या खिशात. पाणी घरचं. टोपी, पातळ सतरंजी, टॉर्च. मंगळबाजारातून घेतलेलं घडीचं ॲल्युमिनियमचं स्टूल. पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली होती, आता मी त्याच्याशिवाय घाटावर पाऊल टाकत नाही. आणि एक चिठ्ठी : दोघांची नावं, आजार, गोळ्या, मुलाचा नंबर. ही चिठ्ठी गुजरातीत लिहायची. खेड्यातल्या कंपाउंडरला आपलं मराठी कुठून वाचता येणार? मी बडोद्यातच शिकले, तरी गुजराती लिहिताना अजूनही माझा हात अक्षरांवर रेघ ओढतो, गुजरातीत ती नसते. बेन बघतात आणि हसतात.

बायकांच्या एका अडचणीबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणं हा आपला जुना उपाय या वयात अंगाशी येतो. मोठा पेट्रोल पंप दिसला की गरज नसली तरी गाडी थांबवायची. पुरुष कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

ज्यांनी अजून सुरुवातच केली नाही त्यांनी आधी शहरातच अर्ध्या दिवसाचा सराव करावा. किती चाललं की पाय भरतात, किती वाजता डोळे मिटायला लागतात, हे घरात बसून कळत नाही. कमाटीबागेतलं म्युझियम 1894 चं. तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा मी शाळेच्या सहलीत बघितला होता आणि परवा परत बघितला. तेव्हा मी घाबरले होते, या वेळी त्याची हाडं मोजत बसले. तांबेकर वाड्यातली भिंतींवरची चित्रं, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. यातलं एकेकच, एका सकाळी. नंतर सेव-उसळ. ती हलकी नाही, पण सरावात तेही येतं.

लांबच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. ज्येष्ठांची रेल्वेतली भाड्याची सवलत मार्च 2020 मध्ये गेली, तिची वाट बघत बेत अडवू नये. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे : पुरुष 60, बायका 45 वर्षांपासून, एका तिकिटावर एक किंवा दोन जण असतील तेव्हा. म्हणून बरोबर मुलगा येत असेल तर त्याचं तिकीट वेगळं काढावं. तिसरं नाव घातलं की हा कोटा हातचा जातो. मोबाइलवर काढताना ‘निदान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा’ असा एक पर्याय असतो, तो न विसरता निवडावा. आरक्षण आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून. आणि पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं काम उरकूनच निघावं. फोनवर चेहरा दाखवूनही होतं ते. मी आयुष्यभर लोकांना रांगेत उभं केलं, आता स्वयंपाकघरात उभं राहून माझा दाखला देते.

गरुडेश्वर राहिलं होतं. ते मनाला लागून होतं, कारण आमच्या सासूबाई दत्तभक्त संत टेंबे स्वामींच्या भक्त. 1914 मध्ये स्वामींनी तिथे देह ठेवला, हे त्या घरातलीच गोष्ट असल्यासारखं सांगायच्या. जानेवारीतला बुधवार बघितला, तिथी साधी. साडेसहाला निघालो, साडेआठला डभोईच्या पुढे झाडाखाली थेपले. दहाच्या आत समाधीचं दर्शन, गर्दी नाही. मग घाटाकडे. मी स्टूल उघडलं आणि नर्मदेकडे तोंड करून बसले. हे पायरीवर. सकाळचं ऊन पाठीवर, समोर पाणी, मागे कोणीतरी मराठीत आईला शाल नीट घे म्हणून रागावतंय. दोन तास आम्ही काहीही केलं नाही. यांनी मध्येच खिशातून खडीसाखर काढून मला दिली.

पुण्याहून आलेली एक बस होती. त्यातले एक काका, साधारण आमच्याच वयाचे, घाईघाईने आले आणि विचारलं, “इथून पुतळा, मग कुबेर भंडारी, मग डाकोर, संध्याकाळपर्यंत होईल ना?” मी यांच्याकडे बघितलं. हे नदीकडे बघत होते. मी काकांना विचारलं, नाश्ता झालाय का?

दुपारचा प्रसाद घेऊन निघालो, साडेचारला घरी, दिवसाउजेडी. दूध तापवलं, चहा केला. पुतळा अजून राहिलाच आहे. तो होईल एखाद्या गुरुवारी. सध्या डाकोरचं चाललंय. पौर्णिमेवर फुली मारून झाली, गाडीवाल्याशी बोलून झालं, वन्संच्या भिशीचा वार तेवढा कळायचा आहे.