केळीच्या बागेतली संध्याकाळ: कच्च्या रेषेपासून पक्क्या रंगापर्यंत डिजिटल चित्र कसं रंगवावं

डिजिटल चित्र मळकट दिसायला लागलं की बहुतेक जण रंग बदलत बसतात. हिरवा आणखी हिरवा करतात, वर पिवळा चमकवतात, शेवटी फिल्टर लावतात. दोष मात्र बहुधा आधीच्या टप्प्यात असतो. कुठे उजेड, कुठे अंधार आणि मधल्या छटा किती, हे ठरवण्याआधीच रंग भरलेला असतो. म्हणून या लेखात रंग उशिरा येतो.

उदाहरण म्हणून एकच चित्र धरू. जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातली केळीची बाग, मागे सातपुडा, बांधाच्या रस्त्याने परतणारी पांढऱ्या बैलांची गाडी. मे महिना, संध्याकाळचे सहा.

कॅनव्हास आणि पेन

कॅनव्हास १२ × ८ इंच, ३०० डीपीआय (इंचाला किती ठिपके), म्हणजे ३६०० × २४०० पिक्सेल घ्या. कलर प्रोफाइल एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगव्यवस्था), ८ बिट. हेच पिक्सेल १०० डीपीआयने छापले तर ३ × २ फुटांचा फ्लेक्स निघतो, त्यामुळे मापं पुन्हा बदलावी लागत नाहीत. या मापाचा एक पूर्ण भरलेला लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर असतात, त्यातला एक) मेमरीत साधारण ३५ एमबी घेतो. असे ३० लेयर म्हणजे एक जीबीच्या वर. ४ जीबी रॅमच्या टॅबवर त्याहून जास्त लेयर केले की ब्रश हातामागून रखडत येतो, आणि तो ब्रशचा दोष नसतो.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. क्रिटा मोफत आहे, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइड टॅबवरही चालतं. मोबाइलवर आयबिस पेंट आणि आयपॅडवर प्रोक्रिएट वापरलं तरी पुढच्या बहुतेक सगळ्या पायऱ्या जमतात.

पेन टॅबलेट नवा असेल तर आधी एक गोल काढून बघा. गोल अंड्यासारखा आला, तर टॅबलेटचं क्षेत्र आणि स्क्रीन यांचं प्रमाण जुळत नाही. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. स्क्रीनचा रात्रीचा पिवळा मोडही बंद ठेवा, नाहीतर नकळत चित्र निळसर होत जातं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. टॅब तापला की पुष्कळदा स्क्रीन आपोआप मंद होते, आपण ते भरून काढायला रंग उजळ करत जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र पांढरटलेलं दिसतं. टॅब पंख्याखाली ठेवा, चार्जिंगला लावून रंगवू नका. घामाने हात स्क्रीनला चिकटतो, त्यासाठी दोन बोटांचा सुती हातमोजा पुरतो.

उजेड कुठून येतो

हे रेखाटनाआधी ठरवा. रावेरच्या बाजूने सातपुड्याकडे तोंड केलं की आपण उत्तरेला बघत असतो, म्हणजे पश्चिम डाव्या हाताला. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला कलून मावळतो, त्यामुळे उजेड डावीकडून आणि किंचित समोरून येतो. केळीचं पान आरपार पेटल्यासारखं दिसतं ते याच उजेडात. सावल्या उजवीकडे आणि थोड्या आपल्याकडे पडतात. सहाच्या सुमाराला त्या वस्तूच्या उंचीच्या चार ते पाच पट लांब असतात. हाच देखावा डिसेंबरात काढलात तर मावळतीचा सूर्य नैर्ऋत्येला, म्हणजे आपल्या पाठीकडे सरकतो. तेव्हा पानं आरपार उजळत नाहीत, समोरून सपाट उजळतात. फोटो एका ऋतूचा आणि उजेड दुसऱ्या ऋतूचा असं झालं की चूक नेमकी कुठे आहे ते कळत नाही, पण चित्र खोटं वाटतं.

लहान खाके

मोठ्या कॅनव्हासवर थेट सुरू करू नका. पोस्टकार्डाच्या निम्म्या मापाचे पाच-सहा खाके करा, एकाच कडक गोल ब्रशने, फक्त तीन छटांत: उजळ, मधली, गडद. झूम करायचं नाही. आकाश उजळ, डोंगर आणि मागची बाग मधली, पुढची केळी आणि गाडीची सावलीची बाजू गडद. तीन छटांत गाडी ओळखू आली नाही, तर पुढे हजार रंगांतही ती हरवणार. अशा वेळी गाडी केळीसमोरून काढून उघड्या रस्त्यावर, उजळ धुळीसमोर आणा. अर्धा तास इथे घालवलेला पुढचे दोन दिवस वाचवतो.

रेखाटन आणि केळीच्या ओळी

निवडलेला खाका मोठा करा, त्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) २० टक्क्यांवर आणा आणि वर नव्या लेयरवर रेखाटन करा. रेखाटन गेरूसारख्या तांबड्या रंगात ठेवा, म्हणजे पुढची पक्की रेषा त्यातून वेगळी उठून दिसेल. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतही क्रम असाच दिसतो: आधी गेरूने आकृती, मग रंग, आणि शेवटी बाह्यरेषा पुन्हा पक्की.

केळीची ओळ हा इथला सगळ्यात अवघड भाग. पहिली क्षितिजरेषा टाका, ती तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.६ मीटरवर आणि केळीची उंची २.४ मीटर धरली, तर सपाट जमिनीवर क्षितिजरेषा प्रत्येक झाडाला दोन-तृतीयांश उंचीवर कापते, झाड जवळचं असो की लांबचं. हे एक लक्षात ठेवलं तर मागची झाडं हवेत तरंगत नाहीत.

झाडांमधलं अंतर डोळ्याच्या अंदाजाने टाकू नका. ओळीच्या बुंध्यांची एक रेषा आणि शेंड्यांची एक रेषा क्षितिजावरच्या एकाच बिंदूकडे न्या. झाडांच्या निम्म्या उंचीवरून तिसरी रेषा त्याच बिंदूकडे काढा. पहिली दोन झाडं उभी करा. आता पहिल्या झाडाच्या शेंड्यापासून दुसऱ्या झाडाच्या मध्यबिंदूतून तिरपी रेषा खाली ओढा. ती जिथे बुंध्यांच्या रेषेला भेटेल तिथे तिसरं झाड. असंच पुढे. पाच-सहा झाडांनंतर मागे सगळा हिरवा पडदाच होतो, तिथे मोजत बसायची गरज नाही.

पान आधी अखंड काढा, मधला दांडा ठसठशीत दाखवा, आणि मग खोडरबरने फाडा. वाऱ्याने पान फाटतं ते कडेकडून दांड्याकडे, शिरांच्या दिशेनेच. शिरांना छेदून जाणाऱ्या चिरा पडत नाहीत. घडातली केळी वर वळलेली असतात, खाली लोंबणारी नसतात. आणि बागेतल्या घडाला पिवळा रंग देऊ नका: आपल्याकडे घड हिरवाच कापतात. खान्देशातला वाचक ही चूक पहिल्या नजरेत पकडतो.

पक्की रेषा ६ ते ८ पिक्सेलच्या ब्रशने, काळ्याऐवजी गडद तपकिरी रंगात. उजेडाकडची रेषा बारीक, सावलीतली जाड. हात थरथरत असेल तर स्टॅबिलायझर (रेषेतली थरथर आपोआप काढणारी सेटिंग) वापरा, पण कमीच. फार वाढवला की वळणं गुळगुळीत होऊन पानातला जीव जातो.

सपाट भरणी

आता प्रत्येक मोठ्या आकाराला वेगळा लेयर: आकाश, सातपुडा, मागची बाग, जमीन, पुढची केळी, गाडी-बैल, माणूस. सात पुरेत. प्रत्येकात एकच राखाडी छटा, पूर्ण अपारदर्शक. बकेटने (एका टिचकीत आकार भरणाऱ्या साधनाने) भरताना रेषेच्या कडेला पांढरी किनार राहते, कारण रेषेच्या कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक असतात. भरणी २ पिक्सेलने वाढवण्याची सेटिंग असते, ती लावा.

यापुढे बाहेर रंग जाऊ नये म्हणून प्रत्येक आकारावर क्लिपिंग लेयर (खालच्या आकाराच्या सीमेतच दिसणारा लेयर) लावा. क्रिटात यासाठी ‘इन्हेरिट अल्फा’ आहे. तिथे खालचा आकार आणि वरचा लेयर एका ग्रुपमध्ये टाकावे लागतात. ग्रुप केला नाही तर क्रिटा खालच्या सगळ्या लेयरांची मिळून सीमा धरतं, पांढरी पार्श्वभूमीही त्यात येते, आणि काहीच क्लिप झालेलं दिसत नाही. बटण बिघडलंय असं समजून पुष्कळ जण इथे थांबतात.

छटा

शून्य म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा धरा. आकाश ८५ ते ९०, सातपुडा ६५ ते ७०, मागची बाग ५०, पुढच्या केळीच्या सावल्या २० ते २५, उन्हातला रस्ता ७०. आता बैल. उजेड डावीकडून, थोडा समोरून आहे, म्हणजे बैलांची आपल्याकडची बाजू बरीचशी सावलीत. तिला ५० ते ५५ द्या आणि पाठीच्या कडेवर फक्त एक उजळ पट्टी ठेवा. पांढरा बैल म्हणून अंगभर ९० दिलेत तर ऊन कुठून येतंय ते चित्राला सांगताच येणार नाही. सावलीतलं पांढरं हे उन्हातल्या धुळीपेक्षा गडद असतं. डोळा हे मानायला तयार नसतो, म्हणून दोन्हीकडे पिकर (चित्रातला रंग उचलणारं साधन) लावून खात्री करा.

सातपुड्याचा पायथा माथ्यापेक्षा उजळ ठेवा. धूळ खाली दाट असते. एवढ्याने डोंगर लांब जातो.

रंग

राखाडी चित्रावर ‘कलर’ मोडचा (खालच्या छटा तशाच ठेवून फक्त रंग बदलणारा) लेयर टाकून रंग देणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी वाट आहे. उजेडात आणि सावलीत एकच हिरवा पसरतो, आणि चित्र जुन्या कृष्णधवल फोटोला रंग फासल्यासारखं दिसतं. हा लेयर हलक्या पायापुरता वापरा. नंतर वर नॉर्मल मोडमध्ये अपारदर्शक रंगाने प्रत्यक्ष रंगवा, राखाडी छटा समोर नकाशासारख्या ठेवून.

संध्याकाळच्या उबदार उन्हात सावल्या थंड होतात, कारण त्यांच्यावर आकाशाचा निळा उजेड पडत असतो. केळीच्या पानासाठी एक हिरवा पुरत नाही, चार लागतात. आरपार पेटलेला भाग: ह्यू (रंगचक्रावरची जागा) ६८, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) ७५, व्हॅल्यू (सॉफ्टवेअरच्या मोजमापातला उजळपणा) ८५. पुढचे आकडेही याच क्रमाने. ऊन झेलणारा वरचा भाग: ७८, ४५, ७५. आकाश परावर्तित करणारा पाठमोरा भाग: १६०, २०, ६०. दाट सावली: ११०, ४५, ३०. खाली लोंबणाऱ्या वाळक्या पानांना ३५, ४०, ५०. हे आकडे सुरुवातीचे आहेत, चित्राप्रमाणे सरकवा. आरपार पेटलेला रंग मात्र एकूण पानांच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. सगळीच पानं पेटली की एकही पेटत नाही.

काळी माती काळी रंगवू नका. उन्हात ती तपकिरी-राखाडी असते, ह्यू २५, सॅच्युरेशन २०, व्हॅल्यू ४० च्या आसपास, सावलीत जांभळट. सातपुड्याला ह्यू २१८, सॅच्युरेशन १८, व्हॅल्यू ७२ पासून सुरुवात करा.

या आकड्यांतली व्हॅल्यू म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजेड नव्हे. ८५ व्हॅल्यूचा पिवळा आणि ८५ व्हॅल्यूचा निळा यांत फार फरक दिसतो. म्हणून सगळ्यात वर एक राखाडी भरलेला लेयर ‘कलर’ मोडमध्ये ठेवा. तो चालू केला की चित्र कृष्णधवल होतं. दर दहा मिनिटांनी चालू करून बघा. आधी ठरवलेल्या छटा हलल्या असतील तर लगेच सुधारा.

कडा आणि शेवटचा हात

सगळ्या कडा सारख्या धारदार असल्या की चित्र कात्रणांसारखं दिसतं. बैलांची शिंगं, पाठीची उजळ पट्टी आणि गाडीवानाच्या टोपीची उन्हाकडची बाजू धारदार ठेवा. मागच्या बागेचा शेंडा डोंगरात विरू द्या. चाकाचा खालचा भाग धुळीत हरवू द्या. कडा मऊ करायला ब्लर नको. दोन्ही रंगांच्या मधला रंग पिकरने घेऊन कडेवर एक-दोन फटकारे पुरतात. मऊ एअरब्रशने सगळं घोटलं की केळीचा बुंधा प्लास्टिकचा पाइप होतो. बुंध्यावर सोललेल्या सालींचे उभे तपकिरी पापुद्रे असतात, ते कोरड्या खरबरीत ब्रशने द्या.

चित्र आरशातल्यासारखं आडवं उलटं करून बघा. कललेली झाडं आणि मोठा झालेला बैल तेव्हाच दिसतो. मग १० टक्क्यांवर छोटं करा. गाडी अजून ओळखू येते का?

गावाकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याची फाइल नव्या क्रमांकाने सेव्ह करा. लेयर असलेली मूळ फाइल कायम ठेवा, मोबाइलवर पाठवायला वेगळी पीएनजी काढा. छापायला देणार असाल तर केळीच्या पेटलेल्या हिरव्याकडे बघा: स्क्रीनवरचा तो हिरवा छपाईच्या चार शाईंत बसत नाही आणि कागदावर मंद, मातकट उतरतो. सॉफ्ट प्रूफ (छपाईत रंग कसे दिसतील याची स्क्रीनवरची झलक) चालू करून आधीच बघून घ्या. हिरवा उजळ करण्याऐवजी त्याच्या शेजारची सावली थोडी गडद आणि जांभळट करा, आणि पूर्ण छपाईआधी फक्त पानांचा ए४ मापाचा तुकडा काढून घ्या.