टेबलाखालचा सर्व्हर क्लाउडवर: एंटरप्राइज लिनक्स कसे उभे करावे आणि सांभाळावे

मराठवाड्यातल्या बऱ्याच डाळ मिल, बियाणे कंपन्या आणि पतसंस्थांचा सर्व्हर अजूनही हिशेबनिसाच्या टेबलाखालीच असतो. मे महिन्यात खोली तापते, दुपारी लाइट जाते आणि इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. हा सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर नेऊन त्यावर रेड हॅटसारखे एंटरप्राइज लिनक्स (कंपन्यांसाठी बनवलेली, वर्षानुवर्षे अपडेट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायचे असेल, तर काय काय करावे लागते ते इथे क्रमाने सांगतो.

उदाहरणासाठी जालन्यातला एक बियाणे व्यवसाय धरू. परभणी-हिंगोलीचे विक्रेते मोबाइलवरून ऑर्डर नोंदवतात, मागे पोस्टग्रेसचा डेटाबेस आहे आणि मृगाच्या आगेमागे तीन-चार आठवडे सगळे एकदम तुटून पडतात. क्लाउड एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनचा) धरला आहे. अझूर किंवा गूगल क्लाउडवर बटणांची नावे वेगळी दिसतील, काम तेच. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र रोमन लहान अक्षरांत करायच्या.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मालकाच्या कानावर घाला. वीज, डिस्क, मशीन हे क्लाउड कंपनी बघते. ऑपरेटिंग सिस्टिम तुमची. तिचे पॅच (दुरुस्तीचे अपडेट), आत शिरण्याच्या किल्ल्या, बॅकअप यांतले काहीही आपोआप होत नाही. ‘क्लाउडवर टाकलं की झालं’ असे सांगणारे खूप भेटतात, आणि सहा महिन्यांनी त्यांचा फोन लागत नाही.

पायरी १: लिनक्स निवडा

जुना सर्व्हर सेंटओएस ७ वर (रेड हॅटवरूनच बनलेल्या फुकट लिनक्सवर) असेल, तर त्याचे अपडेट ३० जून २०२४ लाच बंद झाले आहेत. तीच सिस्टिम जशीच्या तशी उचलून क्लाउडवर नेऊ नका. नवे मशीन नव्या आवृत्तीवर उभारा आणि फक्त डेटा हलवा. सेंटओएस ८ तर त्याच्याही आधी, २०२१ च्या अखेरीस संपले. ते संपणार ही घोषणा डिसेंबर २०२० मध्ये झाली आणि त्या धक्क्यानंतरच रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स पुढे आले. दोन्ही रेड हॅटशी सुसंगत आहेत आणि परवाना शुल्क शून्य.

मग पैसे देऊन रेड हॅट का घ्यायचे? माझे मत सरळ आहे. अडचणीत तुम्ही खरोखर रेड हॅटकडे तक्रार नोंदवणार असाल, किंवा तुमचे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी ‘प्रमाणित फक्त रेड हॅटवर’ असे लेखी म्हणत असेल, किंवा पतसंस्थेच्या ऑडिटमध्ये सपोर्टचा करार मागत असतील, तर घ्या. नाहीतर रॉकी किंवा अल्मा पुरते. रेड हॅट घेतले तर एका मोठ्या आवृत्तीला दहा वर्षे आधार मिळतो. आवृत्ती ९ मे २०२२ मध्ये आली, ती ३१ मे २०३२ पर्यंत चालेल.

शिकण्यासाठी रेड हॅटची वैयक्तिक डेव्हलपर सदस्यता फुकट आहे आणि ती १६ सिस्टिमपर्यंत चालते. ती एका व्यक्तीच्या नावावर असते, कंपनीचा धंदा तिच्यावर चालवायचा नसतो.

पायरी २: सदस्यतेचे पैसे एकदाच भरा

रेड हॅट क्लाउडवर दोन वाटांनी मिळते. पहिल्या वाटेत शुल्क मशीनच्या भाड्यातच मिसळलेले असते. मशीन चालू तेवढेच बिल, आणि अपडेट क्लाउडमधल्याच रेड हॅटच्या भांडारातून येतात, वेगळी नोंदणी लागत नाही. दुसऱ्या वाटेत तुम्ही वर्षाची सदस्यता आधीच विकत घेतलेली असते आणि तीच क्लाउडवर वापरता. त्यासाठी इमेज (मशीन ज्यावरून उभे होते तो सिस्टिमचा तयार साचा) वेगळी निवडावी लागते.

गोंधळ होतो तो इथे. सदस्यता विकत घेतलेली, आणि घाईत निवडलेली इमेज मात्र भाड्यात शुल्क धरणारी. वर्षभर दोन्हीकडे पैसे जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण सर्व्हर तर उत्तम चाललेला असतो. मशीन बारा महिने तेवढ्याच आकाराचे राहणार असेल तर वार्षिक सदस्यतेचा हिशेब करून पाहा. हंगामी धंद्याला भाड्यातली वाट सोयीची.

इमेज निवडताना प्रकाशकाचे नावही तपासा. मार्केटप्लेसमध्ये (क्लाउडवरच्या इमेजच्या दुकानात) कोणीतरी तिसऱ्याने ‘तयार करून’ ठेवलेल्या रॉकीच्या इमेज असतात आणि त्यांवर बरेचदा तासाप्रमाणे शुल्क लागते.

पायरी ३: मुंबई की हैदराबाद

एडब्ल्यूएसचे मुंबई केंद्र २०१६ चे, हैदराबाद नोव्हेंबर २०२२ चे. नांदेडकरांना हैदराबाद मुंबईच्या साधारण निम्म्या अंतरावर. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे सरकारी कागद तिकडे जाण्याची सवय जुनीच! पण नेटवर्कला रस्त्याचे अंतर कळत नाही, फायबर कुठून वळसा घेते ते महत्त्वाचे. दोन्हीकडे छोटे मशीन तासभर चालवा, आपल्या दुकानातून पिंग घ्या (संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजा) आणि मगच ठरवा. हैदराबाद केंद्र खात्यात आधी सुरू करून घ्यावे लागते, मुंबई सुरूच असते.

माझी शिफारस: मुख्य सर्व्हर जिथे वेग बरा तिथे, बॅकअपची प्रत दुसरीकडे.

पायरी ४: मशीन आणि दारे

एक जीबी मेमरीचे मशीन घेऊ नका. स्वस्त असते, पण अपडेट चालू असतानाच मेमरी संपून काम मधेच मारले जाण्याची शक्यता असते. दोन व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), चार जीबी इथून सुरुवात ठीक. मूळ डिस्क वेगळी, डेटाबेसची डिस्क वेगळी, दोन्हींवर एन्क्रिप्शनची खूण करा. ‘स्टॉप’ आणि ‘टर्मिनेट’ शेजारी-शेजारी असतात. टर्मिनेट केले की मूळ डिस्कही सहसा पुसली जाते, म्हणून टर्मिनेशन प्रोटेक्शन चालू ठेवा.

सिक्युरिटी ग्रुपमध्ये (बाहेरून कोणती पोर्ट, म्हणजे दारे, उघडी ते ठरवणाऱ्या यादीत) जगासाठी फक्त ४४३, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचे दार उघडा, आणि ४४३ कडे वळवण्यापुरता ८०. पोस्टग्रेसचा ५४३२ बाहेर उघडायचाच नाही, ‘दोन दिवसांसाठी’ म्हणूनही नाही. २२ क्रमांकाचे एसएसएच दार (दुरून मशीनमध्ये शिरण्याचे) फक्त तुमच्या आयपीसाठी, म्हणजे तुमच्या इंटरनेट पत्त्यासाठी उघडावे, असे सगळे सांगतात. आपल्याकडे मात्र स्थानिक केबलवाल्याच्या इंटरनेटचा आयपी सारखा बदलतो, शिवाय तो बरेचदा इतर ग्राहकांत वाटलेलाही असतो. मग कंटाळून लोक २२ सगळ्या जगाला उघडतात. त्याऐवजी एडब्ल्यूएसचाच सेशन मॅनेजर वापरा. त्यात २२ उघडावाच लागत नाही, ब्राउझरमधून थेट आत जाता येते. रेड हॅटच्या इमेजमध्ये त्याचा एजंट (छोटा प्रोग्रॅम) आपण बसवायचा आणि मशीनला त्याची परवानगी देणारा रोल (परवानग्यांचा संच) जोडायचा.

पायरी ५: पहिल्यांदा आत गेल्यावर

रेड हॅटच्या इमेजमध्ये वापरकर्ता ‘ईसी२-युजर’ असतो, रॉकीमध्ये ‘रॉकी’. आत गेल्यावर पहिली आज्ञा ‘सुडो डीएनएफ अपडेट’ (सगळे अपडेट बसवणारी), आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलले असेल तर लगेच रीबूट.

मग घड्याळ. क्लाउडचे मशीन युटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दोनला बॅकअप लावला तर तो सकाळी साडेसातला सुरू होतो आणि दुकान उघडताना सर्व्हर धापा टाकत असतो. ‘टाइमडेटसीटीएल’ने क्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ करा आणि क्रॉनची (ठरल्या वेळी कामे चालवणारी) सेवा पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केल्याशिवाय क्रॉन जुन्याच वेळेने चालत राहतो.

पुढच्या अपडेटसाठी ‘डीएनएफ-ऑटोमॅटिक’ बसवा, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रकार ‘सिक्युरिटी’ आणि ‘अप्लाय अपडेट्स’ला ‘येस’ लिहा, टायमर सुरू करा. तो अपडेट बसवतो, पण नवे कर्नल रीबूटशिवाय लागू होत नाही. रीबूट हवे का ते ‘नीड्स-रीस्टार्टिंग’ला ‘-आर’ जोडून कळते. आठवड्याची एक वेळ ठरवून टाका. रविवारी पहाटे कोणी बियाणे मागत नाही.

पायरी ६: एसईलिनक्स बंद करू नका

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक व्हिडिओंत पहिली सूचना ‘एसईलिनक्स डिसेबल करा’ हीच असते. एंटरप्राइज लिनक्स घ्यायचे आणि त्याचे मुख्य कवचच (कोणत्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा ते ठरवणारे) काढून ठेवायचे, याला अर्थ नाही. ‘गेटएनफोर्स’ ही आज्ञा दिल्यावर ‘एनफोर्सिंग’ दिसले पाहिजे.

नेहमीचे अडथळे दोनच. पहिला: एनजिनएक्स (वेब सर्व्हर) मागच्या ॲप्लिकेशनशी बोलत नाही आणि ५०२ ही चूक दाखवतो. कारण वेब सर्व्हरला आपणहून नेटवर्क जोडणी करायची मुभा मुळात दिलेली नसते. ‘सेटसेबूल’ला ‘-पी’ (रोमन मोठे अक्षर) जोडून ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ चालू करा. ‘-पी’ विसरलात तर पुढच्या रीबूटला पुन्हा ५०२.

दुसरा: फाइल जागेवर आहे, परवानग्या बरोबर आहेत, तरी ४०३ (प्रवेश नाकारला). तुम्ही ती आपल्या होम फोल्डरमधून ‘एमव्ही’ने हलवली असेल, तर जुन्या जागेचे एसईलिनक्स लेबल तिच्यासोबत आलेले असते. ‘रीस्टोरकॉन -आरव्ही’ (यातला आर मोठा) त्या फोल्डरवर चालवा, लेबल दुरुस्त होते. वेबसाइट नेहमीच्या जागेऐवजी वेगळ्या डिस्कवर ठेवली असेल, तर आधी ‘एसईमॅनेज’ने त्या जागेचे लेबल नोंदवा, मग रीस्टोरकॉन. याउपर काही अडले तर ‘एयूसर्च’ने नकाराच्या नोंदी पाहा. कोणत्या प्रोग्रॅमला काय नाकारले, ते तिथे लिहिलेले असते.

पायरी ७: बॅकअप

रोज रात्री ‘पीजी_डंप’ (डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा), शिवाय डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची नक्कल), आणि आठवड्याला एक प्रत दुसऱ्या केंद्रात. हंगामाआधी एकदा, एप्रिलमध्ये, त्या बॅकअपवरून वेगळे मशीन उभारून कालची ऑर्डर दिसते का ते तपासा.

पायरी ८: हंगामात मोठे, नंतर छोटे

मेअखेरीस रात्री मशीन थांबवा, प्रकार बदलून चार व्हीसीपीयू करा, पुन्हा सुरू करा. पाच-दहा मिनिटांचे काम. जुलैत उलट. रेड हॅटचे शुल्क व्हीसीपीयूंच्या संख्येवर असल्याने तेही सोबत वाढते आणि उतरते. थांबवून सुरू केल्यावर साधा सार्वजनिक आयपी बदलतो, म्हणून आधीच इलॅस्टिक आयपी (न बदलणारा पत्ता) जोडून ठेवा.

पायरी ९: बिल

खाते उघडताना जीएसटी क्रमांक भरा. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि क्रमांक असेल तरच त्याचे इनपुट क्रेडिट मागता येते. ‘बजेट्स’मध्ये महिन्याची मर्यादा ठेवून इशारा लावा. थांबवलेल्या मशीनच्या डिस्कचे भाडे चालूच राहते, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाला ०.००५ डॉलर पडतात, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या आसपास.

राहता राहिले कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १५,००० रुपयांवरची रक्कम कार्डावरून आपोआप कापली जात नाही, ओटीपी लागतो. हंगामात बिल नेमके त्या रेषेपलीकडे जाते. कार्ड मालकाचे, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर आणि मालक प्लॉट बघायला रेंज नसलेल्या शिवारात. थकबाकी राहिली तर खाते स्थगित होऊ शकते. तेव्हा खात्यात बिलिंगचा पर्यायी संपर्क म्हणून हिशेबनिसाचा ईमेल भरा आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिल स्वतः उघडून भरण्याचे काम त्यांच्याकडे द्या.