दीड पान पाऊस: स्वतःचं लिखाण तपासताना या चुका टाळा

ठाण्यातल्या नौपाड्यात एका काकूंकडे आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा जमतो, एकमेकांचं लिखाण वाचतो. मी पहिली कथा नेली तेव्हा काकूंनी दुसऱ्या पानाच्या मध्यावर पेन्सिलीने फुली मारली. म्हणाल्या, "इथून मला कथा सापडली." त्याआधी तलावपाळीवरचा पाऊस होता, दीड पान. तो का हवा हे मी इतका वेळ समजावत बसलो की चहावर साय धरली.

चूक ही, खुलासा करण्याची. कथा छापून आली की प्रत्येक वाचकाशेजारी बसायला आपण जाणार नसतो. ऐकताना फक्त लिहून घ्या.

याच्या उलट टोकाला, सांगितलं ते जसंच्या तसं करून टाकणारेही असतात. वाचक जिथे अडखळतो ती जागा बहुधा खरी असते, पण त्याचा उपाय खरा असेलच असं नाही. "शेवट पटला नाही" असं मला दोघांनी सांगितलं. मी शेवट तीनदा बदलला. गोम होती चौथ्या पानावर: नायिका घर का सोडते, तेच मी लिहिलं नव्हतं. म्हणून आधी मागे जाऊन बघा. एकट्यालाच खटकलं असेल तर समासात खूण करून आठवडाभर थांबा.

घरच्यांचं "छान झालंय" हिशेबात धरू नका.

शुद्धलेखन शेवटी. 'गरीब'चं 'गरिबाला', 'फूल'चं 'फुलाला', पण 'शरीर' तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून 'शरीरात' दीर्घच. हे सगळं यायलाच हवं. पण त्या दीड पानाची एकेक वेलांटी मी आधी निगुतीने तपासली आणि मग पान उडवलं!

स्क्रीनवर डोळा चुका गिळतो. प्रिंट काढा, मोठ्याने वाचा. दम लागला की वाक्य तोडा. मी सकाळी कचराळी तलावाच्या बाकावर वाचतो. (शेजारचे उठून जातात.) लाडके शब्द मात्र फाइलमध्ये सर्च करूनच सापडतात. माझ्या आठ पानांत 'खरं तर' अकरा वेळा निघालं. 'च्या माध्यमातून' आणि 'करण्यात आले' हेही शोधा.

कापलेलं फेकवत नसेल तर 'भंगार' नावाची फाइल ठेवा. माझा पाऊस तिथेच आहे. कथेत त्याचं एकच वाक्य उरलं: 'ती चिंब छत्री न मिटताच आत आली.' काकूंनी त्यातलाही 'चिंब' खोडला.