दिवाळीच्या खरेदीआधी काउंटीची फाइल

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत यंदा मतदान 3 नोव्हेंबर 2026 ला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. फराळाची गडबड, मतपत्रिका आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, सगळं एकदमच अंगावर येणार. तेव्हा ऑक्टोबर लागताच एक फाइल काढा आणि काउंटीचं पाकीट न फोडता रद्दीत टाकायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आधी मतदारयादीतलं नाव आणि पत्ता तपासा. घर बदललं असेल तर 19 ऑक्टोबरपर्यंत नवा पत्ता कळवा. तारीख हुकलीच तर मतदान केंद्रावर जाऊन मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते, फक्त रांगेची तयारी हवी. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र डीएमव्हीचा, म्हणजे वाहन परवाना देणाऱ्या खात्याचा, अर्ज भरताना नागरिकत्वाचा प्रश्न नीट वाचावा. नजरचुकीने मतदार म्हणून नोंद झाली, तर पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत ते निस्तरताना नाकी नऊ येतात.

मतपत्रिका ऑक्टोबरमध्ये घरपोच येते. ज्याचा लिफाफा त्यानेच वापरायचा. नवरा-बायकोच्या लिफाफ्यांची अदलाबदल नको. लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. आईंची नोंद देवनागरी सहीने झाली असेल, तर इथेही त्यांनी देवनागरीतच सही करावी. त्यांचा लिफाफा तुम्ही पेटीत नेऊन टाकू शकता, त्यांच्या वतीने सही ठोकू शकत नाही. पोस्टात टाकलेल्या पाकिटावर त्याच दिवशीचा शिक्का बसेलच असं नाही, म्हणून शेवटच्या दिवसांत सरळ काउंटीची मतपेटी गाठा. मतदानाच्या दिवशी ती रात्री 8 ला बंद होते.

माझा आग्रह एवढाच, की मतपत्रिका खालून वाचायला घ्या. वरच्या नावांवर वर्षभर चर्चा झालेली असते. खिशाला हात घालणारे स्थानिक प्रस्ताव तळाशी असतात आणि तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांचा धीर सुटतो. शाळांच्या बाँडला, म्हणजे इमारतींसाठी काढायच्या कर्जाला, 55 टक्के मतं पुरतात. शाळा मंडळाच्या पार्सल टॅक्सला, म्हणजे घराच्या किमतीवर न ठरणाऱ्या जादा मालमत्ता कराला, दोन-तृतीयांश लागतात. मंजूर झाले की दोन्ही तुमच्याच बिलात उतरतात.

म्हणून गेल्या वर्षीचं टॅक्स बिल मतपत्रिकेशेजारी ठेवा. 1978 च्या प्रपोझिशन 13 या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यानुसार मूळ दर 1 टक्का, आणि घर विकलं नाही व त्यात नवं बांधकामही केलं नाही तर करपात्र मूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढत नाही. उरलेल्या ओळी बाँडच्या आणि पार्सल टॅक्सच्या. घरमालक 65 पूर्ण असेल तर अनेक शाळा मंडळं पार्सल टॅक्स माफ करतात, पण अर्ज केला तरच. आपण होऊन कोणी सांगायला येत नाही!

पहिला हप्ता 10 डिसेंबरपर्यंत भरायचा. दुसऱ्याची मुदत 10 एप्रिल, पण 2027 मध्ये त्या दिवशी शनिवार असल्याने सोमवार 12 तारखेपर्यंत चालेल. उशीर झाला की 10 टक्के दंड. भरल्याची पावती फाइलमध्ये.

नुकतंच घर घेतलं असेल तर बाजूला रक्कम काढून ठेवाच. जुन्या मालकाच्या नावे करपात्र मूल्य 6 लाख डॉलर होतं आणि तुम्ही 20 लाखांना घेतलं, तर मधल्या 14 लाखांवरचा कर पुरवणी बिलाने वेगळा येतो. जूनअखेरपर्यंत जितके महिने उरले असतील तितक्यांचा. सव्वा टक्का धरला तर पूर्ण वर्षाचे साडेसतरा हजार. कर्ज देणारी बँक नेहमीचा टॅक्स भरत असली, तरी हे बिल सहसा भरत नाही. राहत्या घराची सवलत मागायचा अर्ज 15 फेब्रुवारीच्या आत द्या. वाचतात वर्षाला सत्तरेक डॉलर, पण अर्ज एकदाच करायचा असतो.

राहिला कलेचा पैसा. नाटकाच्या तालमी दिवाळीनंतर सुरू करणार असाल, तर अनुदानाची चौकशी आत्ताच करा. काउंटीची कला परिषद म्हणजे एसव्हीक्रिएट्स. साधारणपणे अर्जाला 501(सी)(3) दर्जाची, म्हणजे करमाफी असलेली ना-नफा, संस्था लागते, किंवा तसा दर्जा असलेल्या संस्थेचा आधार. तुमच्या मंडळाच्या खजिनदाराला विचारून त्या दर्जाचं पत्र, गेल्या वर्षाचा जमाखर्च आणि मागच्या प्रयोगाचं बऱ्यापैकी चित्रीकरण एकत्र करून ठेवा. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतून फोनवर काढलेलं, ज्यात पुढच्याचं डोकं आणि कोणाचं तरी रडणारं मूल आहे, ते पाठवू नका.