राईड आधी, बिअर नंतर

मुंबईहून खोपोलीच्या इमॅजिकासारख्या मनोरंजन उद्यानात जाऊन बिअर घ्यायची असेल, तर ती तेथे मिळते का, याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो. 2 ऑक्टोबरसारख्या कोरड्या, म्हणजे मद्यविक्री बंद असलेल्या दिवशी मात्र हा बेतच करू नये.

खरा प्रश्न क्रमाचा आहे. रोलर कोस्टर व पाण्याच्या घसरगुंड्या आधी आटोपून, पोटभर जेवून मगच ग्लास हाती घ्यावा. कारण मद्याने तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णावर परिणाम होतो, त्यात उलटसुलट गिरक्यांची भर पडली की मळमळ ठरलेलीच, आणि ती शेजारच्या निरपराध प्रवाशालाही भोवते. पाच टक्क्यांच्या 330 मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे 13 ग्रॅम मद्यार्क असतो. तो निचरून जायला शरीराला साधारण दीड ते दोन तास लागतात. उन्हात बिअरने तहान भागत नाही, म्हणून सोबत पाणी प्यावे.

परतीच्या द्रुतगती मार्गावर गाडी न प्यायलेल्यानेच चालवावी. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो.