अँचेलोटींची ४-३-२-१ रचना काळ्या मातीच्या मैदानावर

इटालियन फुटबॉलपटू कार्लो अँचेलोटींनी मिलान क्लबकडून खेळताना १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन कप जिंकला. प्रशिक्षक म्हणून त्याच मिलानला २००३ आणि २००७ मध्ये चॅम्पियन्स लीग मिळवून दिली. तिथे त्यांनी मधल्या फळीतल्या आंद्रेआ पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात खेळवलं. जळगाव-धुळ्याकडच्या पोरांना ४-३-२-१ (चार बचावपटू, मधल्या फळीत तीन, त्यांच्यापुढे दोन आणि टोकाला एक आघाडीवीर) शिकवायची तर सुरुवात याच जागेपासून करा.

चुन्याच्या फक्कीने १५ बाय १५ मीटरचा चौकोन आखा. आत एक ‘पिर्लो’ आणि त्याला अडवणारा एक, चारही बाजूंना एकेक साथीदार. चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं, दोन टचमध्ये पलीकडे द्यायचा. तीन मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, असे सहा डाव. पोरगं चेंडूकडे तोंड करून सरळ उभं राहतं, मग वळण्यातच वेळ जातो आणि चेंडू हिसकावला जातो. अंग तिरकं ठेवायला लावा, हे रोज सांगावं लागतं.

या रचनेत विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारे खेळाडू, नसतात. म्हणून बाजूचे बचावपटू वर गेलेच पाहिजेत; एक गेला की दुसऱ्याने मागे थांबायचं.

उन्हाळ्यात मैदानाला भेगा पडतात, त्यात पाय जाऊन घोटा मुरगळतो. आधी भेगा मातीने बुजवा, आणि सराव सकाळी साडेसातच्या आत आटपा.