नव्या सुपरवायझरनं फाउंड्रीच्या शॉपवरची भांडणं कशी थोपवावीत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, माझी उमर गेली. हाणामारी झाली की सगळे म्हणतात, "भट्टी हाय, माणसं तापणारच." मला हे अजिबात पटत नाही. भट्टीपुढं उभा राहून वितळलेल्या धातूचा रस ओतणारा जुना गडी क्वचित भांडतो. भांडतो तो फेटलिंगचा, म्हणजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करणारा, हेल्पर. दिवसभर ग्राइंडरचा आवाज, पुढं घासायला कुठला जॉब येणार ठाऊक नाही, नावानं हाक मारणारं कुणी नाही.

२००६ साली मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चेंडू टाकण्याच्या खेळात काहींना मुद्दाम वगळलं. मग सगळ्यांना कर्कश आवाज ऐकवला. तो कधी सुरू व्हावा हे काहींच्या हातात दिलं, काहींच्या नाही. शेवटी अनोळखी माणसासाठी तिखट सॉस काढायला सांगितला. ज्यांना वगळलं होतं आणि ज्यांचा आवाजावरही ताबा नव्हता, त्या गटानं बाकी गटांच्या चौपटीहून जास्त सॉस काढला. आपल्याकडं तिखट म्हणजे पाहुणचार, तिथं ती शिक्षा होती. वगळलेल्यांपैकी ज्यांच्या हाती आवाज होता, त्यांचा हात मात्र आवरला.

म्हणून तापलेल्या गड्याला उपदेश करू नका, एक निर्णय द्या. "आधी पंपाची बॉडी घेतोस का ब्रॅकेट?" शिफ्ट लागतानाच दिवसाचं काम फळ्यावर लिहा. आणि विचारून शेवटी स्वतःचंच करणार असाल, तर विचारूच नका. त्यानं माणूस जास्त बिथरतो.

कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, निघाले तर चारचौघांत झापायचं नाही. बाजूला घेऊन कास्टिंग त्याच्याच हातात द्या, कारण त्यालाच शोधू द्या.

हातघाईवर आले तर बोलत बसू नका. दोघांना दोन टोकांना पाठवा, रसाजवळून आधी.

आता तुमचं स्वतःचं. २०१२ च्या एका प्रयोगात, अधिकार आहे पण मान नाही अशा जागी बसवलेल्यांनी समोरच्यासाठी सगळ्यांत अपमानाची कामं निवडली. कुत्र्यासारखं भुंकायला लावणं हे त्यातलंच एक काम. नव्या सुपरवायझरची जागा नेमकी तीच असते. खुर्ची मिळालेली, पण मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे गडी, अजून पोरगंच समजतात. तिथं आवाज चढवून मान मिळत नाही. जुन्या मोल्डरकडं जा, "मामा, वाळूत ओल जास्त वाटतीया का?" म्हणून विचारा. ते मुठीत वाळू दाबून बघतील, सांगतील. तसं करा, आणि मोल्ड चांगले निघाले तर मॅनेजरसमोर मामांचं नाव घ्या.